आवालोआची पाच वर्षं

१

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी अमेरिकन शिष्टमंडळाच्या प्रमुखाने कॉफीचा कप खाली ठेवला आणि वेलिंग्टनमधल्या एका सरकारी खात्याची अब्रू वेशीवर टांगली.

"आवालोआवर तुम्ही पाच वर्षांपर्यंत जायला तयार आहात हे आम्हाला ठाऊक आहे," तो हसत म्हणाला. "मग एका वर्षाचं बोलणं कशाला लांबवायचं?"

टेबलाच्या अलीकडे बसलेल्या तिघांचे चेहरे खाडकन उतरले. बैठक तिथेच थांबवावी लागली.

प्रकरण तसं लहान जागेचं होतं. पॅसिफिकमध्ये तोकाविनी नावाचा नऊ हजार वस्तीचा देश. त्याचं संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार जुन्या करारानुसार न्यूझीलंड पाहतं. तिथल्या एका प्रवाळ खडकावर अमेरिकेला रडार उभारायचं होतं, चिनी जहाजांवर नजर ठेवायला. न्यूझीलंड तोंडाने एकाच वर्षाची परवानगी देऊ म्हणत होतं. अगदीच ताणलं तर कुठवर वाकायचं, ते एका चार पानी टिप्पणीत लिहिलं होतं. टिप्पणी वाचायला खात्यात बिनखिडकीची एक खोली होती. फोन आणि घड्याळ बाहेरच्या कपाटात ठेवून आत जायचं आणि कागद आत ठेवून बाहेर यायचं. असं आत जाऊन ती वाचलेली माणसं तीन, आणि तिघंही त्या बुधवारी बैठकीत हजर होती.

चौकशी मृदुला पेंडसेकडे आली. वय अठ्ठावन्न, मूळ पुण्याची, पंचवीस वर्षं वेलिंग्टनात. बँकांच्या संगणकांतले घोटाळे शोधता शोधता ती सरकारी चौकशा करायला लागली होती. यंत्रांच्या नोंदी दुसऱ्यांनी तपासाव्यात आणि आपण माणसांशी बोलावं, एवढीच तिची पद्धत. माणसं खोटं बोलतात याचा तिला राग नसे. आपण कुठलं खोटं बोललो हे ती लक्षात ठेवत नाहीत, याचा मात्र कंटाळा येई.

"हे फार अवघड नाही," खात्याची संचालक हेलन म्हणाली. टिप्पणी वाचलेल्या तिघांपैकी ती एक. आठ महिन्यांपूर्वी अर्थखात्यातून आलेली, कामाला वाघ, गप्पांना वेळ नसलेली बाई. "टिप्पणी धम्मदीना इंगळेने लिहिली. तिच्या नवऱ्याचा अमेरिकन व्हिसा आठ महिने अडकला होता. तो मंजूर झाल्याचं काल कळलं."

"काल? बैठकीच्या आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी. मी तिला घरी पाठवलंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत तिचं नाव स्वच्छ झालं नाही, तर गुप्त कागद पाहायचा सुरक्षा परवाना जाईल. आणि तो गेला की या शहरात तिला तिच्या कामाची नोकरी कुणी देणार नाही." हेलनने जरा थांबून विचारलं, "तुम्ही दोघी एकाच भागातल्या. तुला जड जाणार नाही ना?"

"नाही," मृदुला म्हणाली. पण जड जाणार हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

२

धम्मदीनाचं घर नाएनाएमध्ये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. वेलिंग्टनचा वारा नेहमीसारखा सुटला होता आणि मागच्या अंगणात वाळत घातलेली एक चादर कुंपणाला जाऊन अडकली होती. सकाळी अकरा वाजता घरी असण्याची सवय नसलेली बाई जशी दिसते, तशी धम्मदीना दिसत होती. छत्तिशीची, नागपूरला वाढलेली, पुण्यात शिकलेली. तिने चहा ठेवला, पण बोलायला सुरुवात केली ती इंग्रजीत.

"मराठीत बोला ना," मृदुला म्हणाली. "माझ्या वहीत सगळं इंग्रजीतच उतरणार आहे."

"मॅडम, मी मुद्दामच इंग्रजीत बोलतेय. आपण दोघी मराठी म्हणून तुम्ही मला सोडलं, असं ऑफिसात कुणी म्हणायला नको." धम्मदीनाने कप पुढे सरकवला. "आणि आपण दोघी मराठी म्हणजे नेमकं काय, ते हेलनला कळत नसलं तरी तुम्हाला न् मला कळतं."

पेंडसे आणि इंगळे. मृदुलाला ते लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. मराठी मंडळाच्या दिवाळीत दोघी दोनदा एकमेकींसमोर आल्या होत्या आणि दोन्ही वेळा मृदुलाने आडनाव ऐकून नुसतं "अच्छा" म्हटलं होतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "व्हिसाचं सांगा."

"मैत्रेय इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीला त्याला सहा महिने सिॲटलला पाठवायचंय. अर्ज जानेवारीतला. त्याच्याबरोबरच्या आणखी दोघांचेही व्हिसे त्याच दिवशी आले, पण त्यांच्या बायका परराष्ट्र व्यवहारात नाहीत ना!"

"टिप्पणी ज्यांना कळायला नको, अशा कुणाला तुम्ही त्यातलं काही सांगितलंत?"

"मैत्रेयलाही नाही."

"आवालोआ म्हणजे काय?"

धम्मदीनाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तो अमेरिकन म्हणाला ते? मी गृहीत धरलं, आपलाच खडक. त्यांच्याकडे त्याला तसं म्हणत असतील. मी तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला."

निघताना मृदुलाने सहज विचारलं, "ऑफिसातून कुणी फोन केला का?"

"दोन वर्षं ज्यांच्याबरोबर जेवतेय त्यांतला एकही नाही. फक्त ग्रॅहमचा आला, त्याच संध्याकाळी. म्हणाला, हे तुझं काम नाही, मला माहीत आहे." धम्मदीनाचे डोळे पहिल्यांदा भरून आले. "ताई, तेवढा एक फोन आला नसता ना, तर मी वेडी झाले असते."

परतीच्या गाडीत मृदुला त्या फोनचाच विचार करत होती. सगळं खातं जिच्याकडे बोट दाखवत होतं, तिच्याबद्दल एक माणूस इतका ठाम होता.

३

वाचनखोलीची व्यवस्था चिराग पाठारेकडे होती. मूळ वसईचा, तिशीतला, खात्यातला एकमेव माणूस जो मृदुलाला ऑफिसातही काकू म्हणे.

"काकू, खोलीतून एक चिठोरंसुद्धा बाहेर गेलेलं नाही. मी सगळे लॉग दोनदा चेक केले, हीप्स ऑफ टाइम घालवलाय त्यात. सगळं स्वीट ॲज, एकदम ठीक!"

"तू टिप्पणी वाचलीस?"

"मी फक्त प्रिंट काढतो. पहिला मसुदा बैठकीच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी, दुसरा त्याच शुक्रवारी दुपारी. पहिल्याच्या प्रती लगेच श्रेडरमध्ये घातल्या. पण फाईलला दोन्ही मसुदे आहेत, हे घ्या."

मृदुला त्या बिनखिडकीच्या खोलीत दोन्ही मसुदे आणि बैठकीचा वृत्तांत घेऊन बसली. पहिल्याच वाचनात तिला दोन गोष्टी खटकल्या. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्या आणखीच खटकल्या.

पहिली गोष्ट आकड्याची. बुधवारच्या मसुद्यात कमाल मर्यादा पाच वर्षं होती. शुक्रवारी दुपारी वकिलांच्या एका जुन्या सल्ल्यावरून ती तीन झाली होती. अमेरिकन माणूस मात्र पाच म्हणाला. हेलनचं म्हणणं, त्याने घासाघीस करायला आकडा वाढवून सांगितला. पण समोरचा तीनवर थांबणार हे ज्याला ठाऊक आहे, तो "तुम्ही पाचला तयार आहात हे आम्हाला ठाऊक आहे" असं छातीठोक कशाला सांगेल? त्याला तीन ठाऊकच नव्हते. त्याच्या लेखी शेवट पाचवरच होता.

म्हणजे ज्याने सांगितलं, त्यालाही तीन ठाऊक नव्हते. आणि टिप्पणी वाचलेल्या तिघांनाही ते शुक्रवारीच कळले होते. फितुरी करणारा माणूस शिळा माल कशाला विकेल? धम्मदीनाने तर तो तीन स्वतःच्या हाताने लिहिला होता.

दुसरी गोष्ट नावाची. दोन्ही मसुद्यांत, नकाशातही, खडकाचं नाव हॅलिडे रीफ होतं. आवालोआ हा शब्द चार पानांत कुठेच नव्हता. वृत्तांत लिहिणाऱ्यानेही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

तेव्हा बातमी बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार दुपार या वेळात बाहेर गेली होती, आणि जिथून ती अमेरिकेच्या कानावर गेली तिथे त्या खडकाला आवालोआ म्हणत होते.

"चिराग, त्या गुरुवारी ऑफिसात काय काय झालं? आठव."

"गुरुवारी? काहीच नाही." त्याने डोकं खाजवलं. "हां, मॉर्निंग टीला पाव होते. नारळाच्या दुधात भाजलेले, गोड, बेटांवर करतात तसले. भलामोठा ट्रे! मी तीन खाल्ले काकू, खोटं कशाला बोलू."

"कुणी आणले?"

"ग्रॅहमने. तो आणतो कधी कधी. कुठून आणतो कोण जाणे, दुकानात तर कुठे मिळत नाहीत तसले."

४

ग्रॅहम विभागप्रमुख होता, टिप्पणी वाचलेल्या तिघांतला तिसरा. चौसष्ट वर्षांचा, त्यातली तीस पॅसिफिकच्या बेटांवर आणि बेटांसाठी काढलेली. त्याच्या खोलीत विणलेल्या चटया होत्या आणि कोपऱ्यात जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, एक जोड, पायांतले बूट त्याला काचायचे म्हणून. खात्यात त्याच्याविषयी कुणी वाकडा शब्द बोलत नसे. "किआ ओरा, मृदुला," असा माओरी नमस्कार करत त्याने उठून स्वतः खुर्ची ओढून दिली.

"टिप्पणी ज्यांना कळायला नको, अशा कुणाला तुम्ही काही सांगितलंत?"

"ज्यांना कळायला नको अशा कुणालाही नाही," तो म्हणाला. त्याची नजर सरळ होती.

मृदुलाने वही मिटली आणि पेन पर्समध्ये टाकलं. वही मिटली की माणसं सैल होतात, हा तिचा जुना अनुभव. "एक शंका. आवालोआ हा शब्द कुठून आला असेल? धम्मदीनाला माहीत नाही, हेलनलाही नाही."

"त्यांना कुठून माहीत असणार! ते म्हाताऱ्या लोकांचं नाव. नकाशात हॅलिडे असलं तरी तोकाविनीत घराघरात आवालोआच—"

तो थांबला. 

"गुरुवारी सकाळी तुम्ही कुठे गेला होतात?" मृदुलाने विचारलं.

"लोसाकडे," तो म्हणाला. "तोकाविनीची इथली प्रतिनिधी. मी नेहमीच जातो. त्यांच्या समुद्राबद्दल इथे काही ठरायचं असलं की आधी तिच्याकडे चहाला जाऊन तोंडी सांगून येतो. निघताना ती पावांचा ट्रे हातात देते. माझ्या आधीचा प्रमुख जायचा, त्याच्या आधीचाही. कागद नाही, नोंद नाही. खडक त्यांचा आहे, मृदुला. तिला कळायला नको? तिलाच तर आधी कळायला हवं."

"हेलनला हे ठाऊक आहे?"

"तिने कधी विचारलं नाही."

खातं कुलपं, कपाटं आणि श्रेडर सांभाळत बसलं होतं आणि विभागप्रमुख चहा प्यायला जाऊन सगळं सांगून येत होता. त्याच्या मनात ते फोडणं नव्हतंच. घरच्यांना न सांगता त्यांच्या घराचं ठरवायचं नाही, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. खात्याच्या सुरक्षा नियमांत या चहासाठी कलम नव्हतं, कारण नियम लिहिणाऱ्यांना तो ठाऊकच नव्हता.

पण लोसा तरी स्वतःच्या देशाचं गुपित अमेरिकेच्या हाती का देईल?

५

लोसाचं कार्यालय वेलिंग्टनच्याच ब्रुकलिन भागात, चढावरच्या एका लाकडी घरात होतं. ती साठीची, जाडजूड, सावकाश बोलणारी बाई होती. मृदुलाने काय शोधून काढलंय ते तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि काहीही नाकारलं नाही.

"आमच्याकडे डायलिसिसची चार यंत्रं होती," ती म्हणाली. "अमेरिकेच्या मदतीवर चालायची. या वर्षाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनने जगभरची मदत आवरती घेतली, त्यात आमचीही गेली. एक ईमेल आली, चार ओळींची. तेव्हा यंत्रांवर अकरा माणसं होती. एकच यंत्र आम्हाला कसंबसं चालू ठेवता आलं. आता सहा आहेत."

"न्यूझीलंडला कळवलंत?"

"कळवलं. फार सुरेख पत्र आलं. पुढच्या अर्थसंकल्पात सहानुभूतीने विचार करू म्हणून." तिने खिडकीबाहेर बंदराकडे पाहिलं. "ज्याला आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं, त्याला पुढचा अर्थसंकल्प म्हणजे काय, सांगा मला."

"मग अमेरिकेने तुमच्याकडे ही माहिती मागितली?"

"कुणी काही मागितलं नाही. मीच गेले. विचारलं, रडार झालं तर तिथल्या माणसांसाठी दवाखाना चालवाल ना? म्हणाले, नक्की, रडार असेल तोवर. किती वर्षं ते वेलिंग्टनवर आहे." लोसा आता मृदुलाकडे वळली. "आदल्याच दिवशी ग्रॅहम इथे पाच म्हणून सांगून गेला होता. एका वर्षात सहा माणसांचं काय होणार? मी त्यांना सांगून टाकलं, पाच मागा, पाच मिळतील. आमच्याकडे द्यायला दुसरं काय आहे? समुद्र, आणि शेजाऱ्याने विश्वासाने सांगितलेल्या चार गोष्टी."

"ग्रॅहमच्या विश्वासाचं काय?"

"माझ्या आईच्या अंत्यविधीला तो आमच्यात जमिनीवर बसला होता. त्याला मी तोंड कसं दाखवणार, हे मला अजून कळलेलं नाही." तिचा आवाज मात्र हलला नाही. "तंत्रज्ञ गेल्या सोमवारीच तिथे पोचलाय. आणखी दोन यंत्रं सुरू झाली. तुमच्या अहवालात माझं नाव खुशाल घाला. फक्त हे लक्षात असू द्या, की रडार रद्द झालं तर तो तंत्रज्ञ आल्या विमानाने परत जाईल."

मृदुला चढ उतरून खाली आली तरी तिला बस पकडायचं सुचलं नाही. पुढच्या शुक्रवारला चार दिवस होते.

६

"लिहायचं, की गळती कुठून झाली ते निश्चित करता आलं नाही," हेलन म्हणाली. सगळं ऐकून ती पांढरी पडली होती. "हे बाहेर आलं तर अमेरिका आपल्याला हसेल आणि तोकाविनी आपल्याशी बोलणं टाकेल. चीनचं तर आयतंच फावेल."

"आणि धम्मदीनाचं?"

"तिच्याविरुद्ध काही सिद्ध झालं, असं आपण म्हणतच नाही."

"परवाना परत मिळेल तिला? निश्चित करता आलं नाही, एवढ्या शेऱ्यावर?"

हेलनने समोरची फाईल मिटली. नियम तिनेच सांगितला होता.

मृदुला तिथून सरळ ग्रॅहमच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं आणि उभ्यानेच बोलली. "आवालोआ हे नाव त्या टेबलावर तुम्हा एकट्यालाच ओळखीचं होतं. म्हणजे त्या माणसाने ते उच्चारलं त्याच क्षणी, बातमी कुठून गेली ते तुम्हाला कळलं होतं. संध्याकाळी तुम्ही धम्मदीनाला फोन केलात, मला माहीत आहे म्हणालात. खरंच माहीत होतं तुम्हाला. आणि तरी तुम्ही गप्प बसलात."

ग्रॅहमने चष्मा काढला. "मी बोललो असतो तर बोलणी फिसकटली असती. यंत्रं बंद पडली असती. सहा माणसं आहेत तिथे, मी सहाही जणांना नावाने ओळखतो." चष्मा त्याने टेबलावर ठेवला. "मी विचार केला, धम्मदीना तरुण आहे, हुशार आहे. तिला दुसरं काहीतरी मिळेल. ती सावरेल."

"त्या चार ओळींच्या ईमेलमागेही कुणीतरी असाच विचार केला असेल," मृदुला म्हणाली. तिला संताप आला होता, आणि या माणसाबद्दल अजूनही आदर वाटत होता म्हणून तो जास्तच आला होता.

अहवाल तिने त्या दुपारीच लिहिला. गुरुवारची भेट, पाच आणि तीन, नकाशात नसलेलं नाव, बंद पडलेली यंत्रं, सहानुभूतीचं पत्र, सगळं त्यात घातलं. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र ती थांबली. त्या सहा माणसांना तिने पाहिलंही नव्हतं आणि एका सहीने ती त्यांच्या आणि यंत्रांच्या मधे उभी राहणार होती. तिने यंत्रांचा खर्च न्यूझीलंडने उचलावा अशी शिफारस जोडली. चौकशी अधिकाऱ्याला असल्या शिफारशी करायचा अधिकार नव्हता आणि तिचं कुणी ऐकेल याची खात्रीही नव्हती. तिने सही केली.

शुक्रवारी धम्मदीनाचा परवाना परत आला. रडारची बोलणी दोन महिने पुढे गेली. शिफारशीवर विचार चालू आहे, असं उत्तर आलं. यंत्रं तूर्त चालू होती. दोन महिन्यांनी काय होईल ते वॉशिंग्टनलाही ठाऊक नसावं. ग्रॅहमने मुदतीआधी निवृत्ती घेतली.

त्याच्या निरोपाच्या मॉर्निंग टीला प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणलं, इथल्या रिवाजाप्रमाणे. भाषणं झाली, बेटावरचं एक गाणं झालं, दोघंतिघं रडली. धम्मदीना येणार नाही असं सगळे धरून चालले होते. ती आली आणि सगळ्यांच्या देखत सरळ ग्रॅहमसमोर जाऊन उभी राहिली. मृदुला दोन हातांवर होती.

"मला फार वाईट वाटतं, धम्मदीना," ग्रॅहम म्हणाला. "तिथली माणसं माझ्या डोळ्यांपुढे होती. दुसरा मार्ग सुचला नाही."

"मी त्या बैठकीत तुमच्या शेजारीच बसले होते, ग्रॅहम. त्या संध्याकाळी तुम्ही फोनही केलात." तिने आवाज चढवला नाही. "तेव्हाच सगळं खरं सांगून मला विचारायचं होतंत. सहा माणसं आहेत, थोडे दिवस हे तुझ्या अंगावर घेशील का म्हणून. कदाचित मी हो म्हटलं असतं."

 मागून कुणीतरी ग्रॅहमला केक कापायला हाक मारली, पण तो हातातली बशी तशीच धरून उभा राहिला.